राजगडास कसे यावे : गुंजवण्याच्या वाटेची गोष्ट

थ्रेड.

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात एखादे शिबिर, परिषद किंवा इतिहासप्रेमींचा मेळावा ठरला, की निमंत्रणाच्या तळाशी पाच-सहा ओळींचा मजकूर हमखास येतो. पुण्याहून कात्रजमार्गे सातारा रस्त्याने निघावे. खेड शिवापूर मागे टाकून चेलाडी फाट्यास उजवीकडे वळावे. नसरापूर, तेथून वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी. मार्गासनीस डावीकडे वळले की साखर आणि त्यापुढे गुंजवणे. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी कापूरहोळ ओलांडून चेलाडीसच डावीकडे वळावे. वाहने गावात लावावीत.

हा मजकूर आज कोणीही लिहून देऊ शकतो आणि कोणीही वाचून पोहोचू शकतो. ज्या काळात या गडावर खरोखर दरबार भरत होता, त्या काळी मात्र तो लिहून देणे राज्याला परवडणारे नव्हते. सुमारे पाव शतक राजधानी असलेल्या ठिकाणी पाहुण्याने यावे कसे आणि शत्रूने येऊ नये कसे, या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच वाटेला द्यावे लागे. आजचा विषय ती वाट.

प्रथम भूगोल. तोरणा आणि राजगड हे दोन्ही गड ज्या मुलखात उभे आहेत तो बारा मावळांपैकी कानद खोरे आणि गुंजण मावळ यांचा. गुंजण मावळाची देशमुखी शिळीमकरांकडे होती. गुंजवणी नदी, गुंजवणे गाव आणि गडाचा गुंजवणे दरवाजा ही नावे एकाच कुळीची. ज्या डोंगरावर राजगड उभा राहिला त्याचे जुने नाव मुरुंबदेव. तोरणा हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी हा डोंगर बांधून काढला आणि राजधानीसाठी निवडला. बालेकिल्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,४०० मीटर उंच. त्याच्या तीन बाजूंस पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या पसरलेल्या.

राजधानी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रुंद रस्ते येतात. राजगडाला तसा एकही रस्ता नव्हता; वाटा मात्र अनेक होत्या. उत्तरेस, पद्मावती आणि सुवेळा माचीच्या मध्ये, गुंजवणे दरवाजा. पालीच्या बाजूने पाली दरवाजा. संजीवनी माचीवर आळू दरवाजा, जेथे भुतोंड्याकडून किंवा तोरण्याकडून येता येते. आणि पद्मावती माचीच्या कड्यावर चोर दरवाजा. चारही वाटांचा स्वभाव निराळा. पालीची वाट प्रशस्त, पायऱ्यांची. तिचा दरवाजा इतका उंच आणि रुंद की अंबारीसह हत्ती आत येई असे सांगतात. गुंजवण्याकडून एकामागे एक अशी तीन प्रवेशद्वारे ओलांडावी लागतात आणि वाट चांगलीच खडी आहे. चोर दरवाजाचे तर नावच बोलके.

म्हणजे मानाच्या पाहुण्यासाठी पाली, रोजच्या राबत्यासाठी गुंजवणे, आणि अडीअडचणीसाठी चोर दरवाजा, अशी सर्वसाधारण मांडणी दिसते. गंमत अशी की आज गुंजवण्यात गाडी लावून चढणारे बहुतेक लोक रेलिंगला धरून चोर दरवाजानेच गडात शिरतात. राजमार्ग पलीकडच्या अंगास मोकळा असतो आणि पाहुणे मागल्या दाराने येतात. तीन शतकांत दारांचे मानपान असे उलटले आहे.

ही मांडणी योगायोगाची नव्हती याचा पुरावा पुढच्या पिढीने लिहून ठेवला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५) दुर्गांविषयीचे जे प्रकरण आहे, त्यात वाटेचा विचार फार बारकाईने केला आहे. गडास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, राबत्यापुरत्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. त्याहून महत्त्वाचा आदेश पुढचा. गडास येणारा मार्ग सोपा असता कामा नये. सोपा असलाच तर तो मोडावा, त्यावर झाडी वाढवावी आणि दुसरा अवघड मार्ग घालावा. आपण आज ज्याला सार्वजनिक बांधकाम म्हणतो त्याच्या नेमके उलट काम करण्याची ही राजाज्ञा आहे. रस्ता मोडणे हेही राज्याचे बांधकामच होते.

आज्ञापत्र राजगड सोडून राजधानी रायगडी गेल्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने लिहिले गेले हे खरे. पण त्यातले शहाणपण कागदावर येण्याआधी या खोऱ्यांत मुरलेले होते. त्याची पहिली मोठी परीक्षा १६६५ साली झाली.

त्या वर्षी मार्च संपता संपता मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरास वेढा घातला. वेढा एकीकडे चालू ठेवून त्याने दुसरी चाल खेळली : महाराजांचा मुलूखच उद्ध्वस्त करायचा, म्हणजे रयत आधार सोडील. त्यासाठी एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान कुरेशीच्या हाताखाली सहा हजारांची फौज निघाली. ती प्रथम रोहिड्याकडे गेली. पन्नासेक गावे जाळली. डोंगरांच्या कुशीतली चार भरवस्तीची गावे अशी होती की तेथे त्याआधी शत्रूचा पाय पडला नव्हता. तेथे प्रतिकार झाला, कुमक मागवावी लागली, आणि मग गावे जमीनदोस्त करून माणसे व गुरे धरून नेली गेली.

३० एप्रिलला ही फौज राजगडाकडे वळली. वाटेतली गावे पेटवत ती गडाच्या पायथ्याला आली आणि गडावरच्या शिबंदीच्या डोळ्यांदेखत सभोवतालची वस्ती लुटली गेली. शिबंदी तोफांच्या आश्रयास राहिली, खाली उतरली नाही. पण एवढी सरशी होऊनही दाऊदखानाला रात्र तेथे काढता आली नाही. जमीन उंचसखल, चहूकडे डोंगर, फौजेला तळ टाकायला जागा नाही. तो सुमारे चार मैल मागे हटला, गुंजण खोऱ्याच्या खिंडीजवळ सपाटी पाहून उतरला आणि दुसऱ्या दिवशी शिवापूर गाठून सिंहगडाच्या बाजूस गेला.

निमंत्रणपत्रिकेतल्या त्या पाच ओळी आता उलट्या वाचून पाहा : गुंजण खोरे, मग शिवापूर. जी गावे आपण गाडीच्या काचेतून पाहत जातो, त्यांच्या पूर्वजांनी त्या उन्हाळ्यात ही वाट उजेडात आल्याची किंमत मोजली. गड वाचला, कारण वाट अवघड होती. गावे वाचली नाहीत, कारण ती वाटेवर होती. राजगडाच्या इतिहासात पहिल्या वाक्याचे पोवाडे पुष्कळ झाले. दुसरे वाक्य फारसे कोणी उच्चारत नाही.

त्यानंतर दीड महिन्याच्या आत पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा उरले. उरलेल्यांत राजगड होता, तोरणाही होता. मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्यास निघाले ते राजगडावरून आणि सुटून आले तेही राजगडावरच. (परतीच्या वाटेविषयी इतकी मतमतांतरे आहेत की तो स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.)

वाट दाखवणे जसे असते तसे वाट चुकवणेही असते. एप्रिल १६६३ मधील शाएस्तेखानावरच्या छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला नेले, ही आख्यायिका मराठी घराघरात ठाऊक आहे. समकालीन कागदांत तिला आधार नाही. तरीही ती टिकली, कारण ती ज्या भूगोलातून जन्मली तो खरा आहे. कात्रज हे या सगळ्या खोऱ्यांचे पुण्याकडचे दार. त्या दाराशी चुकीचा दिवा दाखवला की पुढचे सगळे चुकते, हे ऐकणाऱ्याला समजावून सांगावे लागत नसे. दिव्याची खरी खूणही याच मुलखातली. कोंढाणा सर झाल्यावर तेथल्या पागेची गवती घरे पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला असे सभासद सांगतो. पायी वाट दिवसाची. उजेडाला क्षणही पुरला.

आता १७०३ कडे येऊ. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग याच वर्षीचा आहे.

औरंगजेब तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता. सिंहगड घेऊन त्याने पावसाळा पुण्यात काढला. पुण्यात त्याचा नातू मुहि-उल-मिल्लत वारला आणि त्याच्या नावाने बादशहाने पुण्याचे मुहियाबाद केले. नोव्हेंबरात छावणी राजगडाकडे हलली. अंतर फार नव्हते. पायी मावळ्याला एका दिवसाचे. पण बादशहाची छावणी म्हणजे चालते शहर : तंबू, बाजार, हत्ती, जड तोफा, जनाना, कचेऱ्या. त्या शहराला रस्ता लागतो, वाट पुरत नाही. म्हणून राजगडाच्या अलीकडे चार कोसांवर जो घाट लागतो, तो दुरुस्त करण्यासाठी महिनाभर आधीच हजारो गवंडी, बेलदार आणि मजूर पाठवले गेले होते. दगड फोडले, चढ तासले, तरी रस्ता नीट झाला नाही. बादशाही लवाजम्यातले पुष्कळसे सामान वाटेतच टाकून द्यावे लागले. डिसेंबरच्या आरंभी औरंगजेब गडाखाली पोहोचला.

त्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत सत्तांपैकी एका सत्तेचा धनी, हाताशी एक महिना, हजारो हात, आणि समोर चार कोसांचा एक घाट. त्या घाटापुढे हे सारे अपुरे पडले. साकी मुस्तैदखानाने लिहिलेल्या मासिरे-आलमगिरीत राजगडाचा घेर बारा कोस सांगितला आहे आणि तिथल्या रानाखोऱ्यांतून माणसाचा रिघाव होणे जवळपास अशक्य, अशा आशयाचे वर्णन केले आहे. दरबारी लेखक अतिशयोक्ती करतात हे मान्य. पण सामान टाकून आलेल्या फौजेचा हा लेखक शत्रूच्या गडाची स्तुती करतो, ती अलंकारासाठी खचित नसावी.

वेढा दोन महिन्यांहून अधिक चालला. तरबियतखान आणि हमीदुद्दीनखान यांनी पद्मावती माचीच्या अंगाने मोर्चे लावले, बुरुजाच्या उंचीचे दमदमे उभारून त्यांवर तोफा चढवल्या. फेब्रुवारी १७०४ मध्ये गड पडला. बादशहाने त्याचे नाव नबीशहागड ठेवले. पाठोपाठ मार्चमध्ये तोरणाही घेतला. तीन वर्षांनी औरंगजेब वारला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, मे १७०७ मध्ये, गुणाजी सावंत आणि पंताजी शिवदेव यांनी हल्ला करून राजगड परत मिळवला. त्यांना घाट दुरुस्त करावा लागला नाही. नबीशहागड हे नाव कागदावरच राहिले.

पुढे गड सचिवांकडे, म्हणजे भोर संस्थानाकडे, गेला आणि त्याची वाट निवांत झाली. शाहू महाराजांनी १७०९ मध्ये सुवेळा माचीस ३०० आणि संजीवनी माचीस १०० रुपयांची तजवीज लावून दिल्याची नोंद आहे. पण दरबार नाही, पाहुणे नाहीत, मग वाटेवर झाडी वाढायला राजाज्ञेचीही गरज उरली नाही. पेशवाईतला या रस्त्यावरचा मोठा खर्च दिसतो तो नसरापूरजवळच्या बनेश्वरात. तेथे क्रॉस कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे. जाता-येता थांबून अवश्य पाहावी.

येथपर्यंत आपण राजे, सरदार आणि बादशहा यांच्या वाटेविषयी बोललो. त्यांना वाट दाखवत कोण होते? फलक नव्हते, नकाशे मोजक्यांकडे. गुप्त कामासाठी जासूद असत. पण परगावचा कारकून, सावकार, यात्रेकरू किंवा पुढे इंग्रजी अंमलात दौऱ्यावर आलेला साहेब, यांना पुढच्या गावी पोचवणारा माणूस ठरलेला होता. देशावरच्या गावगाड्यात हे काम महार वतनदाराकडे असे. आलेल्याच्या पुढे चालायचे, बहुधा त्याचे ओझेही घ्यायचे, शिवेपर्यंत जायचे आणि पुढच्या गावच्या माणसाच्या स्वाधीन करून माघारी फिरायचे. बदल्यात थोडी हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि बलुते. सरकारी टपाल, खजिना, निरोप, सारे याच पायांनी चालले. ज्याला गावात मुक्तपणे वावरण्याची मुभा नव्हती, त्याच्याच पावलांवर गावाबाहेरचे सगळे जग विसंबून होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते या अहोरात्र राबवून घेणाऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवण्यासाठी. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. भोर संस्थान इंग्रजी मुलखाच्या कायद्याबाहेर होते, तरी गावगाड्याची रीत संस्थानी हद्दीपाशी थांबत नसे. मराठीत 'वाटाड्या' हा शब्द आपण आता सहलीच्या संदर्भात हलकेपणाने वापरतो. त्यामागे किती पिढ्यांची वेठ आहे हे ध्यानात असावे.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण राजगडाच्या वाटेपुरता त्यांचा परिणाम एकत्रच झाला. गाडी वेल्ह्यापर्यंत येऊ लागली आणि गडाच्या वाटेचे वर्णन बदलले. भटक्यांच्या तोंडी ते असे असे : वेल्ह्याच्या एस.टी.ने मार्गासनीस उतरावे, साखरमार्गे चालत गुंजवणे गाठावे. किंवा पाब्यास उतरून कानद नदी ओलांडावी आणि पाली दरवाजा धरावा. कोस जाऊन थांबे आले. नदीला पाणी किती हे मात्र थांब्यावर विचारावेच लागे.

रस्ता मोडून ठेवण्याच्या जुन्या धोरणाची एक बाजू येथे नमूद केली पाहिजे. ज्या दुर्गमतेने राज्य राखले, तिने पुढे माणसे राखली नाहीत. वेल्हे हा आजही पुणे जिल्ह्यातला लोकसंख्येने सर्वांत लहान तालुका आहे. पुण्यापासून इतका जवळ असूनही पिढ्यान्‌पिढ्या इथला तरुण पुण्या-मुंबईस चाकरीला गेला. घाट तासायला बादशहाला जमले नाही याचा अभिमान बाळगताना, तोच घाट ओलांडून दवाखाना गाठणाऱ्या बाळंतिणीचाही विचार इतिहासकाराने करावा असे मला वाटते. आज गुंजवण्यापर्यंत गाडी जाते, गावात जेवणाची-राहण्याची सोय होते, शनिवार-रविवारी वाहनांची रांग लागते. काहींना ते खटकते. जे तिथे राहतात त्यांना विचारून पाहावे.

नावाचाही बदल झाला आहे. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे परगावच्या पाहुण्याला पत्ता देताना एक नवा घोळ संभवतो : 'राजगड' म्हणजे गड की तालुका? निमंत्रणात गावाचे नाव स्पष्ट लिहावे. खोऱ्यात शिरल्यावर मोबाइलची रेंज दगा देते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा.

एक शेवटची सूचना आयोजकांसाठी. पाहुण्यांत वयस्कर मंडळी असतील आणि त्यांना गडावर न्यायचे असेल, तर गुंजवण्याहून चोर दरवाजाची खडी चढण त्यांच्यावर लादू नये. त्यांच्या गाडीने मार्गासनीस डावीकडे वळण्याऐवजी वेल्ह्याच्याच रस्त्याने पुढे जावे आणि वाजेघर-पालीची वाट विचारावी. पायऱ्या त्या बाजूस आहेत आणि दरवाजाही मोठा आहे.